नांगर विकणारी माणसं : सातारा-सांगलीतला जनसंपर्क आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प



मला जो विषय दिला गेलाय तो वरवर बघता इतिहासाचा वाटत नाही. ‘पदवीच्या शेवटच्या वर्षाला जनसंपर्क या विषयात प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव कसा घ्यावा’ असा तो विषय. आता हे सांगायला एखादा कंपनीतला अधिकारी बोलवायला हवा होता, इतिहासाचा माणूस कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. पण गेली काही वर्षं मी असे प्रकल्प-अहवाल वाचतोय, तोंडी परीक्षांना बसतोय, आणि एक गोष्ट सारखी जाणवते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली मुलं जनसंपर्क म्हटलं की पुण्याकडं बघतात, फार तर मुंबईकडं. तिथल्या एखाद्या एजन्सीत दीड-दोन महिने काढायचे, शंभर जणांची प्रश्नावली भरून घ्यायची, रंगीत गोल तक्ते काढायचे आणि शेवटी ‘जनसंपर्क हा आजच्या काळात अत्यंत महत्त्वाचा आहे’ असा निष्कर्ष लिहायचा. शंभर जणांना न विचारताही हा निष्कर्ष काढता आला असता, नाही का?

आणि पहिलं प्रकरण कुठून सुरू होतं? अमेरिकेतून. १९०६ साली आयव्ही ली यांनी कोळसा खाणींच्या संपाच्या वेळी वर्तमानपत्रांना आपली तत्त्वं कळवली. १९२३ साली एडवर्ड बर्नेज यांचं पुस्तक आलं. मग एकदम उडी मारून भारत, १९५८, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया. मधे काही नाही. जणू या पट्ट्यात तोवर कुणी कुणाशी बोलतच नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की त्या मधल्या रिकाम्या जागेत तुमचं स्वतःचं गाव आहे. तुमच्यातल्या पलूस, तासगाव, कडेगावकडच्या मुलांसाठी तर शब्दशः आहे. म्हणून आज मी इतिहास सांगणार आहे आणि तो सांगता सांगता प्रकल्पाचं बोलणार आहे.

सुरुवात नांगरापासून करू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव भागातला. मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि तिथं कळलं की आपल्याला रंग नीट ओळखू येत नाहीत. मग यंत्रांकडं वळले. बेळगावला सायकलीचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घ्यायला कुणी तयार होईना. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडामुळं जमिनीत विष उतरतं, जमीन नासते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात असते, आणि आपण ती ‘अडाणी शेतकरी आणि दूरदृष्टीचा उद्योजक’ अशी वाचतो. मला ते पटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं जरा बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा. त्याचे पैसे लगेच मोजावे लागत नव्हते, सुगीला बलुतं द्यायचं. मोडला तर सुतार चार घरांपलीकडं. पाभर, कुळव, नांगर, सगळं त्या एका नात्यात बसलेलं. आता कुणी परका माणूस येऊन म्हणतो, हा लोखंडाचा नांगर घ्या, रोख पैसे द्या, आणि मोडला तर? फाळ झिजला तर? नट हरवला तर बेळगावला जायचं? म्हणजे ‘लोखंडानं जमीन नासते’ हे तोंडावरचं कारण झालं. त्याच्या मागं एक साधा, शहाणपणाचा प्रश्न होता : उद्या अडलं तर तू कुठं असशील?

जनसंपर्काच्या वर्गात आपण ‘गैरसमज दूर करणं’ असा शब्दप्रयोग फार सैल हातानं करतो. लोकांचा गैरसमज आहे, आपण माहिती दिली की तो जाईल. नांगराच्या गोष्टीत माहितीनं काही झालं नसतं. हरळी आणि कुंदा यांची मुळं किती खोल जातात हे शेतकऱ्याला किर्लोस्करांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याला बघायचं होतं ते हे की लोखंडी फाळ त्या मुळांपर्यंत पोचतो का, आणि हा नांगरवाला माणूस पुढच्या वर्षी दिसतो का. पहिल्याचं उत्तर शेतात नांगर धरून दाखवल्यावर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर काळच देतो. एका पत्रकानं दोन्ही होत नाहीत.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. बेळगावच्या नगरपालिकेनं वस्ती वाढवायची म्हणून कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. १९१० च्या मार्चमध्ये, निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं येऊन राहिली. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या त्या स्टेशनचं नावही पुढं बदलून किर्लोस्करवाडी झालं.

आता खरा मुद्दा. जानेवारी १९२० मध्ये या माळावरून एक मासिक निघालं. नाव ‘किर्लोस्कर खबर’. चालवणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, लक्ष्मणरावांचे पुतणे. हा माणूस चित्रकार होता, व्यंगचित्रं काढायचा, कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघायचा. खबर काढण्यामागचा हेतू अगदी सरळ होता : कारखान्यात काय चाललंय ते विक्रेत्यांना, गिऱ्हाइकांना आणि आपल्या माणसांना कळवणं. आजच्या भाषेत आपण त्याला गृहपत्रिका म्हणतो, हाउस जर्नल. बर्नेज यांचं पुस्तक यायला अजून तीन वर्षं होती. तुमच्या पाठ्यपुस्तकात टाटांच्या जनसंपर्क विभागाचा उल्लेख येतो, तो त्याच्या पुढं दोन दशकांनी.

जगात असं पहिलं काही हे नव्हतं, हेही लगेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही अहवालात ‘जगातील पहिली’ असं लिहून मोकळे व्हाल. अमेरिकेत जॉन डिअर या नांगराच्याच कारखान्यानं १८९५ पासून ‘द फरो’ नावाचं शेतकऱ्यांसाठीचं पत्र काढलं होतं. फरो म्हणजे तास, नांगराची सरी. योगायोग बघा, तिकडंही नांगर, इकडंही नांगर. कारण तेच असणार. नांगर ही रोज विकत घ्यायची वस्तू नाही. एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. मग मधल्या काळात गिऱ्हाइकाशी नातं ठेवायचं कसं? साबण विकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, त्याचं गिऱ्हाईक महिन्याला परत येतं. नांगरवाल्याला मासिक काढावं लागतं.

पण खबरचं पुढं जे झालं ते डिअरच्या पत्राचं झालं नाही, आणि ही आपल्याकडची गंमत आहे. हळूहळू तिच्यातला कारखाना मागं गेला. उद्योग, स्वावलंबन, आरोग्य, समाजसुधारणा, कथा, चित्रं असा मजकूर वाढत गेला. नावातला ‘खबर’ शब्दही गळून पडला आणि ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० साली त्याच छापखान्यातून ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध किर्लोस्करमध्ये आले, त्यावर वादळं उठली. नांगर विकायला निघालेलं पत्रक मराठी मध्यमवर्गाचं वैचारिक व्यासपीठ होऊन बसलं, तेही कुंडलच्या माळावरून, पुण्याहून नव्हे. पुण्याला ते सगळं पुढं गेलं.

इथं मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो, आणि तो कुणाच्याही प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. जे मासिक कारखान्याबद्दल जवळजवळ बोलतच नाही, ते कारखान्याचा जनसंपर्क करतं का? एक बाजू म्हणेल, करतं, आणि सगळ्यात चांगला करतं. ‘किर्लोस्कर’ हे नाव घराघरांत गेलं, ते नांगरामुळं नव्हे इतकं मासिकामुळं गेलं, आणि त्या नावाला एक आधुनिक, सुधारकी वास आला. तो वास पंपाला, इंजिनाला, सगळ्याला लागला. दुसरी बाजू म्हणेल, अहो, शंवाकिंना लिहायचं होतं, बोलायचं होतं, समाज बदलायचा होता. कारखाना हे निमित्त. माझा कल दुसऱ्या बाजूकडं थोडा जास्त आहे, पण दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नसावी. माणसाचा हेतू एक असतो, संस्थेला फायदा दुसऱ्याच गोष्टीचा होतो.

आणि एक अवघड गोष्ट. गृहपत्रिका वाचताना ती काय सांगते याबरोबर ती काय सांगत नाही हेही वाचावं लागतं. कुठल्याही कारखान्याची पत्रिका घ्या, तिच्यात बक्षीस समारंभ असतो, नवं यंत्र असतं, पाहुण्यांची भेट असते. पगाराची तक्रार नसते. अपघात झाला तर त्याची चार ओळींत बोळवण होते. जो विद्यार्थी गृहपत्रिकेवर प्रकल्प करतो आणि फक्त तिच्यातला मजकूर मोजतो, किती पानं बातम्या, किती पानं छायाचित्रं, त्यानं अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं काम कारखान्याच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होतं. निवृत्त कामगारांशी बोला. पत्रिकेत त्यांचा फोटो कधी आला होता का, विचारा. आला असेल तर तो त्यांच्या घरात भिंतीवर आहे का, ते बघा. त्या भिंतीवरून पत्रिकेची खरी किंमत कळते.

आता दुसरा माणूस. तुम्ही ज्याला प्लेसमेंट म्हणता, नव्या धोरणात ज्याला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतात, त्याचा या भागातला सगळ्यात मोठा नमुना.

भाऊराव पाटील. जन्म १८८७, कुंभोज. आपण त्यांना कर्मवीर म्हणून ओळखतो, रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून. दाढी, घोंगडी, हातात काठी, असा पुतळा प्रत्येक तालुक्याला आहे. पण तरुणपणी ते काय करत होते? फिरते विक्रेते होते. किर्लोस्करांचे नांगर विकायचे. ओगलेवाडीच्या काचकारखान्यासाठीही त्यांनी काम केलं. पुढं साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याशी त्यांचा संबंध आला, तो १९२० च्या दशकातला. तेच कूपर पुढं १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. भाऊरावांचं आणि त्यांचं पुढं बिनसलं, तो वेगळा विषय आहे.

विक्रेत्याचं काम म्हणजे काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. गावोगाव जायचं. पाटलाच्या वाड्यावर, चावडीवर, पारावर बसायचं. मुक्काम करायचा. कुणाच्या घरी जेवण मिळतं, कुणाच्या नाही, हे कळतं. कुठल्या घरातल्या पोराला अक्षर येत नाही म्हणून सावकाराचा कागद वाचता येत नाही, हेही कळतं. नांगर विकायला गेलेला माणूस सातारा जिल्ह्याचा असा काही अभ्यास करून परत आला की तेवढा कुठल्या सरकारी पाहणीत झाला नसेल. मग १९१९ साली, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाडजवळच्या काले गावात सत्यशोधक परिषदेच्या निमित्तानं रयत शिक्षण संस्थेची सुरुवात झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह. १९२७ मध्ये गांधीजी आले, आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

या संस्थेची वाढ ज्या रीतीनं झाली त्यात विक्रेत्याचा हात मला स्पष्ट दिसतो. मुष्टिफंड घ्या. घराघरांतून मूठभर धान्य. आता हिशेबाच्या दृष्टीनं बघितलं तर एखाद्या श्रीमंतानं एक पोतं दिलं तर तेवढंच धान्य कमी कष्टात मिळतं. पण मूठ देणारी बाई रोज दळायला बसताना त्या मुलांची आठवण काढते. शाळा तिची होते. पोतं दिल्यानं शाळा पोतं देणाऱ्याची होते. नांगर विकताना ज्याला ‘उद्या अडलं तर तू कुठं असशील’ हा प्रश्न शंभर वेळा ऐकावा लागला असेल, त्याला हे कळायला पुस्तक लागत नाही. १९४८ मध्ये सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं तेव्हा या मुठींचा उपयोग झाला. गाडगेबाबांसारखी माणसं संस्थेच्या बाजूनं उभी राहिली, गावं उभी राहिली. आपत्कालीन जनसंपर्क असं एक प्रकरण तुमच्या अभ्यासक्रमात असतं. त्यात हे उदाहरण कुठंच नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

‘कमवा आणि शिका’ ही योजनाही यातूनच आली. शिकत असताना काम, आणि काम करताना शिकणं. आज तुमच्या प्रकल्पाला जे श्रेयांक मिळतात त्याच्या मागची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. फरक एवढाच की तेव्हा मुलगा विहीर खोदायचा आणि आज त्याला एखाद्या कार्यालयात बसवून ‘सर आले की फोटो काढ आणि ग्रुपवर टाक’ असं सांगतात. हे मी चेष्टेनं सांगत नाही. एका संस्थेत, नाव घेत नाही, एका मुलीनं पूर्ण कालावधी फक्त पाहुण्यांच्या स्वागताचे पुष्पगुच्छ मोजण्यात घालवला. तिचा अहवाल मात्र ‘जनसंपर्कातील आधुनिक तंत्रे’ या नावाचा होता. तिची चूक नव्हती. तिला दुसरं काही करायला दिलं नाही आणि महाविद्यालयानं विचारलंही नाही.

ओगल्यांचा प्रभाकर कंदील, औंधच्या पंतांनी सूर्यनमस्कारासाठी आयुष्यभर केलेला प्रचार, हेही या मालिकेत बसतं, पण वेळ कमी आहे. पंतांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकतं. संस्थानिक स्वतः पहाटे उठून नमस्कार घालतो आणि शाळाशाळांतून घालायला लावतो, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून बाहेरच्या जगाला सांगतो. प्रचार करणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली पाहिजे, एवढं त्यातलं आपल्या कामाचं.

आता तिसरं, आणि हे जरा नाजूक आहे. १९४२ ते १९४६, सातारचं प्रतिसरकार. तेव्हा सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता. क्रांतिसिंह नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे, जन्म १९०० सालचा. कुंडलचे जी. डी. बापू लाड. म्हणजे पुन्हा तेच कुंडल. किर्लोस्करवाडीचाही यात संबंध आहे : १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात मारले गेलेले उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीतले अभियंता होते. त्याच्या आदल्या दिवशी वडूजला गोळीबार झाला होता, परशुराम घार्गे आणि इतर हुतात्मे झाले.

प्रतिसरकारला जनसंपर्काशी का जोडायचं? कारण भूमिगत चळवळ म्हणजे ज्याच्याकडं वर्तमानपत्र नाही, सभागृह नाही, पत्ता नाही, अशी संस्था. तिला लोकांचा विश्वास मात्र रोज लागतो, कारण रात्रीची भाकरी आणि लपायची जागा लोकांकडून येते. विश्वास तुटला तर पोलिसांना खबर जाते. मग ही माणसं काय करत होती? न्यायनिवाडे करत होती, गावगुंडांचा बंदोबस्त करत होती, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्नं लावत होती. शाहीर शंकरराव निकमांसारखे शाहीर गात होते. सत्यशोधक जलशांनी या भागाचे कान आधीच तयार केले होते, डफाच्या थापेवर राजकारण ऐकायची सवय गावाला होती. जलशातून तुफान सेनेच्या पोवाड्यापर्यंत एक सरळ ओळ काढता येते.

आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा प्रचारही चालू होता. ‘पत्रीसरकार’ हा शब्द घ्या. प्रतिसरकारचं पत्रीसरकार कसं झालं? फितुरांच्या तळपायाला घोड्यासारखे पत्रे ठोकतात अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात शिक्षा होती ती तळपायावर काठीनं मारण्याची. पण पत्र्याची गोष्ट पसरली, आणि आजही आपण सहज ‘पत्रीसरकार’ म्हणतो. गंमत म्हणजे त्या बदनामीचा चळवळीला काही प्रमाणात उपयोगच झाला असणार. भीतीनं फितुरी कमी होते. बदनामी करणाऱ्यानं काय साधलं आणि ज्याची बदनामी झाली त्यानं ती का खोडून काढली नाही, हा प्रश्न मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांपुढं ठेवतोय. हे काम करायचं असेल तर घाई करा. त्या काळाचे साक्षीदार आता जवळजवळ राहिलेले नाहीत, त्यांच्या मुलांकडं ऐकलेल्या गोष्टी आहेत. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत फरक करून लिहा.

आता अलीकडं येऊ. सांगलीच्या मुलांना विचारतो, पावसाळ्यात घरात पहिला प्रश्न कुठला? (श्रोत्यांतून : ‘आयर्विनला किती फूट?’) बरोबर. आयर्विन पूल, १९२९ चा. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. हे आकडे सांगलीत शेंबड्या पोराला माहीत असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आणि तरीही कितीतरी घरं वेळेवर हलली नाहीत. का? लोकांकडं आकडा होता. पण त्यांच्याकडं २००५ ची खूणही होती. ‘२००५ ला इथंपर्यंत आलेलं, याच्यावर येत नाही.’ प्रशासनाचा आकडा आणि घरच्या भिंतीवरची खूण यांच्यात लोकांनी भिंतीवर विश्वास ठेवला. त्यातच अलमट्टीतून किती पाणी सोडलं, कोयनेतून किती, यावर फोनवरून उलटसुलट मजकूर फिरत होता. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. किर्लोस्करवाडीपासून ते गाव फार लांब नाही.

मी हे भावनेला हात घालायला सांगत नाही. जनसंपर्क म्हणजे कंपनीचा चेहरा उजळणं एवढाच अर्थ ज्यांच्या डोक्यात बसलाय त्यांच्यासाठी सांगतोय. सूचना वेळेवर दिली होती आणि ती ऐकली गेली नाही, या दोन वाक्यांच्या मधे जे आहे त्याचा अभ्यास म्हणजे आपला विषय. धोक्याची सूचना कुणाच्या तोंडून आली तर माणूस उठून चालायला लागतो? तलाठ्याच्या? सरपंचाच्या? दूध संकलन केंद्रावरच्या पोराच्या? भिलवडीपासून इस्लामपूरपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येणारी माणसं जिथं भेटतात, तिथून निरोप सगळ्यात लवकर जातो असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे. तुमच्यातल्या कुणीतरी चार गावं घेऊन तपासावा. एवढा एक प्रकल्प नीट झाला तर जिल्हा प्रशासनाला उपयोगी पडेल, आणि त्याला पुण्याला जायची गरज नाही.

थोडं व्यवहाराचं बोलतो आणि मग तुमचे प्रश्न घेतो. जागा कुठं आहेत? सहकारी साखर कारखाने आहेत, त्यांची वार्षिक सभा हा जनसंपर्काचा भर बाजार असतो. अहवाल छापला जातो, सभासदांना पाठवला जातो, आणि सभेत त्यातलं काय विचारलं जातं हे पाहण्यासारखं असतं. दूध संघ आहेत. जिल्हा माहिती कार्यालय आहे. रुग्णालयं, शिक्षणसंस्था, नगरपालिका आहेत. कुठंही जा, पण जाण्याआधी तीन ओळी लेखी ठरवून घ्या : मी काय बघणार, मला कुठले कागद बघायला मिळणार, मी संस्थेसाठी काय करून देणार. या तीन ओळींवर संस्थेची आणि मार्गदर्शकांची सही घ्या. पुष्पगुच्छ मोजायला लावले तर तो कागद दाखवता येतो.

रोजची नोंदवही ठेवा. घरी येऊन रात्री लिहा, आठवड्यानं नाही. कोण काय म्हणालं ते त्याच्या शब्दांत. ‘साहेबांनी संस्थेच्या कार्याची माहिती दिली’ असं लिहू नका, त्यात काही नाही. साहेब कुठल्या प्रश्नावर गप्प बसले ते लिहा.

प्रश्न घेऊया. हां, बोला.

(प्रश्न : सर, ज्या संस्थेत काम केलं तिच्या विरोधात जाणारं काही आढळलं तर अहवालात लिहायचं का? अनुभवाचं प्रमाणपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचं असतं.)

चांगला प्रश्न आहे, आणि खरा आहे. आधी ‘विरोधात’ म्हणजे काय ते बघू. संस्थेनं मागच्या वर्षी दहा पत्रकं काढली आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बसायला खुर्ची नाही, हे विरोधात आहे का? माझ्या मते ती नोंद आहे. तशीच लिहा, विशेषण न लावता. तारीख लिहा, काय पाहिलं ते लिहा. आतले आर्थिक आकडे, गिऱ्हाइकांची नावं, हे गोपनीय असेल तर काढून टाका, तो त्यांचा हक्क आहे. निष्कर्ष काढून टाका असं म्हणाले तर मार्गदर्शकांना मधे घाला, एकट्यानं भांडू नका. आणि मसुदा संस्थेला आधी दाखवा. मागून कळलं की माणूस चिडतो, आधी दाखवलं की निदान बोलायला बसतो. काही वेळा तर मसुदा वाचून त्यांनीच दुसऱ्या दिवशी खुर्च्या आणून ठेवल्याचंही बघितलंय.

अजून एक? मागून हात आहे.

(प्रश्न : किर्लोस्करचे जुने अंक बघायचे तर कुठं मिळतील?)

पहिल्यांदा तुमच्याच तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय बघा. या पट्ट्यातली बरीच नगरवाचनालयं जुनी आहेत आणि त्यांच्याकडं बांधीव मासिकं कपाटात पडलेली असतात. ग्रंथपालांना सकाळी भेटा, संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी असते. पाठीवर लेबल नसलेले खंडही उघडून बघायची परवानगी मागा. हात धुऊन जा, पानं ठिसूळ झालेली असतात, आणि फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा.